माझं नाव मन

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा तुकडा आहे. खजुराच्या रिकाम्या खोक्यातून नौशीनने मला कापलं आणि माझ्यावर 们 हे चिनी अक्षर काढलं. उच्चार ‘मन’. एकाचे अनेक करणं हे माझं काम. चिनीत ‘वो’ म्हणजे मी. मला जोडलं की ‘वो-मन’, आम्ही.

नौशीन तूबाला, म्हणजे लेकीला घेऊन मस्कतच्या अल अमेरातमध्ये राहते. तिचा नवरा सुफियान होता लांब दुक्मला, बंदराच्या कामावर. मस्कतमधल्याच कुरुम भागातल्या एका चिनी ऑफिसात स्टोअरकीपरची जागा निघाली. ती मिळाली तर तो रोज घरी येणार होता. पण थोडं चिनी बोलता यायला हवं.

नौशीनला चिनी येत होतं, म्हणून तो सुट्टीत घरी आला की तिची शिकवणी चाले. मी फ्रिजवर चुंबकाखाली मानाने असायचो. सुफियान दिसेल त्या शब्दाला मला चिकटवायचा, अगदी पाइपांनाही.

“अहो, पाइपला कुठलं मन? माणसांनाच लावायचं ते,” नौशीन म्हणायची. “पाइप एक असो की ढीगभर, शब्द तोच.”

“मांजराला नसतं का मन?” तूबा विचारी.

“गोष्टीतल्या मांजरांना लावतात. अब्बांना गोष्ट नकोय, नोकरी हवीय.”

“आणि तीन माणसं?” सुफियान म्हणाला.

“तीन म्हटलं की खलास. आकडा आला की मन नको. आपण ‘एक मित्र, तीन मित्र’च म्हणतो ना, तसंच.”

मुलाखत फोनवर झाली. मी सुफियानच्या घामेजल्या मुठीत. नौशीन दाराआड, ओढणीचं टोक पिळत. पलीकडच्या बाईंनी विचारलं, घरी कोण कोण?

“वो-मन सान ग रन,” तो म्हणाला. आम्ही तीन माणसं. ‘आम्ही’पाशी मी होतो, ‘माणसं’पाशी नव्हतो. अगदी बरोबर. पण त्यालाच खात्री वाटेना, आणि तो मूठ उघडून मला निरखू लागला.

तेवढ्यात तूबा ओरडली, “माओ-मन!” म्हणजे मांजरं. खालच्या अंगणातली, तिची.

नौशीनने कपाळाला हात लावला. बाई मात्र हसत सुटल्या, सुफियानही हसला, आणि पुढची उत्तरं त्याने न अडखळता दिली. जागा त्यालाच मिळाली.

आता मला कुणी विचारत नाही. घडी घालून जेवणाच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलंय. मित्रांनो, घरात कुणी मोठं माणूस नवी भाषा शिकत असेल, तर त्याला खुशाल हसा, पण शेजारी बसून. आणि फरशी पुसताना आम्हा पुठ्ठ्यांना ओल्या फडक्यापासून जपा. मी भिजून मऊ पडलो तर टेबल पुन्हा हलेल, आणि वर तिघांची ताटं वाढलेली असतात.