तिसऱ्या मजल्यावरचे उघडे दार

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. पाच मजली इमारतीच्या पोटात वर-खाली करण्यात माझे आयुष्य गेले. मला हाताने ओढायची लोखंडी जाळीची दारे आहेत. एक माझे स्वतःचे आणि दुसरे ज्या त्या मजल्याचे. दोन्ही नीट लागल्याशिवाय मी जागची हलत नाही. याला कोणी माझा आडमुठेपणा म्हणतात, पण मला घडवणाऱ्यांनी ही सोय तुमच्याच जिवासाठी केली आहे.

मी नवी होते तेव्हाचा माझा थाट काही विचारू नका! सागवानी फळ्या, पितळी मूठ, आत लखलखीत आरसा. शेजारच्या इमारतींतली मुले केवळ मला पाहायला यायची. माझ्या दिमतीला एक लिफ्टमन होता. तो स्टुलावर बसून दार उघडी, लावी आणि जाड्या माणसांना "पोट आत घ्या, साहेब" असे बिनदिक्कत बजावी. पुढे तो थकला आणि गावी निघून गेला. "दार काय, ज्याचं त्याने लावावं," असे रहिवाशांच्या सभेत ठरले आणि तिथेच माझे दिवस फिरले. ज्याचे त्याने म्हणजे कोणीच नाही, हे मला लवकरच कळले.

माणसांच्या एकेक तऱ्हा मी पाहिल्या आहेत. मी येत असतानाही बटण दाबतच राहणारे आहेत. जणू बोटाने ढोसले की मी पळत सुटणार! आतल्याला बाहेर पडू न देता घुसणारे आहेत, माझ्या आरशात दात कोरणारे आहेत. चघळलेले च्युइंगगम माझ्या फळीला चिकटवून साळसूद चेहऱ्याने उतरणारी तर चांगली इस्त्रीच्या कपड्यातली मंडळी असतात. हे सगळे मी पोटात घातले. पण दार उघडे टाकून चालते होणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते. मी त्या मजल्यावर अडकून पडते आणि बाकीच्या मजल्यांवरून ओरडा सुरू होतो, "लिफ्टचं दार लावा!" ज्याने ते उघडे टाकलेले असते, तो तोवर घरात पंख्याखाली पाय पसरून बसलेला असतो.

या सगळ्यांचे गुरू म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे फोनवाले काका. त्यांचा एक पाय माझ्यात, एक बाहेर, आणि हातातल्या फोनचा स्पीकर चालू. त्यामुळे त्यांच्या साडूच्या गुडघ्यांची हालहवाल सगळ्या इमारतीला तोंडपाठ होती. बोलता बोलता ते पाय काढून घेत आणि दार तसेच सोडून घरात जात. माणूस मनाने वाईट नव्हता, पण दार ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच येत नसे.

पाचव्या मजल्यावर शिंपीकाका आणि काकू राहायचे. काकांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. एक दिवसाआड त्यांना डायलिसिससाठी रुग्णालयात जावे लागे, आणि तिथे यंत्राची वेळ ठरलेली असे. जिने उतरण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. एका सकाळी दोघे वर माझी वाट पाहत होते आणि मी तिसऱ्यावर उघडीच पडले होते. काकू हाका मारून दमल्या. काकांना चक्कर येत होती, त्यामुळे त्यांना एकटे सोडून खाली येता येईना. शेवटी कोणीतरी जाता जाता दार लावले, पण फार उशीर झाला होता. रुग्णालयात यंत्र दुसऱ्याला दिले गेले आणि काका दिवसभर तसेच ताटकळले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा सुजला होता आणि धाप थांबत नव्हती. मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी काकू एक स्टूल आणि सदऱ्यांची टोपली घेऊन माझ्यात येऊन बसल्या. सुईत दोरा ओवला आणि बटणे लावायला लागल्या.

"हे काय, काकू? इथे बसायला कोणी सांगितलं?" इमारतीच्या सेक्रेटरींनी विचारले.

"कोणी नाही. आजपासून आमच्या घरचं काम इथेच. दार मी लावणार."

लोक हसले. कोणी 'लिफ्टमनबाई' म्हणाले, कोणी नाके मुरडली. काकूंनी कोणाचेच मनावर घेतले नाही. माणूस उतरला की त्या म्हणायच्या, "दार लागलं का बघा," आणि तो मुकाट्याने मागे वळायचा.

मग फोनवाल्या काकांची गाठ पडली. "वहिनी, एकच मिनिट हं," म्हणत त्यांनी नेहमीसारखा पाय आत ठेवला.

"भाऊजी, पाय आत घ्या नाहीतर बाहेर घ्या. माझ्या माणसाचा जीव त्या पायात अडकलाय."

फोनमधून साडूच बोलले, "अहो, आधी दार लावा की!" तेव्हा काकांना पळता भुई थोडी झाली.

हळूहळू लोकांच्या हाताला वळण लागले. मग काकू स्टूल उचलून घरी गेल्या. शिलाई यंत्र काही माझ्यात मावत नव्हते.

त्यानंतर एका दुपारी शिंपीकाकांचा श्वास अचानक कोंडला. काकूंनी गाडी बोलावली आणि माझे बटण दाबले. मी तिसऱ्यावर होते. फोनवाले काका नुकतेच उतरले होते, एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन. दार सताड उघडे. ते आपल्या घराकडे चालू लागले. मला तर साधी हाकही मारता येत नव्हती.

तेवढ्यात ते थांबले. "ठेव जरा, मी करतो तुला," असे फोनवर म्हणाले. त्यांनी पिशवी भिंतीशी टेकवली, फोन खिशात टाकला, मागे आले आणि दोन्ही दारे कडी बसेपर्यंत ओढली.

मी निघाले. दाराशी काकू नवऱ्याला कवेत सावरून उभ्या होत्या. मी त्यांना न थांबता खाली नेले. "अगदी वेळेत आणलंत," असे डॉक्टर म्हणाल्याचे त्या नंतर शेजारणीला सांगत होत्या.

मित्रांनो, तिसऱ्या मजल्यावर दार ओढणाऱ्याला पाचव्यावर कोण उभे आहे ते दिसत नाही. त्या दुपारी फोनवाल्या काकांनाही दिसले नव्हते. तरी त्यांनी दार लावले. तुम्हीही लावत जा.