तेल चोपडलेला खांब

मित्रांनो, मी खो-खोचा एक जुना खांब आहे. भिलाईतल्या एका शाळेच्या मैदानात रोवलेला, अस्सल सागवानी. मला घडवताना सुताराचे चार रंधे बोथट झाले, पाचवा रडत घरी गेला. खोटं वाटतं? अहो, ज्याला पळून जाता येत नाही तो खोटं कशाला बोलेल?

बावीस वर्षं पोरी माझ्याभोवती फिरल्या. एकदा तर मलाच भोवळ आली आणि शाळा दोन दिवस तिरकी दिसली.

मग खो-खो शिकवायला आल्या भिलाईतल्याच रुआबांधा वस्तीच्या संघमित्रा मॅडम. त्या ओरडल्या की रस्त्यावरच्या सायकलींना आपोआप ब्रेक लागत. रोज त्या मला मोहरीचं तेल चोपडत आणि पोरींना माझ्याभोवती वळायला लावत. पोरी धडाधड पडत. दहावीतल्या प्रेरणाची तर दोन्ही कोपरं सोललेली. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती आणि सांगायची मॅडमना सवय नव्हती. पोरी मागून त्यांना 'कढई' म्हणत.

फायनलच्या आदल्या दिवशी प्रेरणाचे वडील प्रेमानंद पोलादाच्या प्लांटमधून थेट मैदानात आले, हेल्मेट डोक्यावरच.

"मॅडम, कावून छळून राहिल्या पोरीले? आता थे खेळणार नाही."

मॅडमनी तेलाचे हात पुसले. "उद्याची मॅच खेळू द्या. मंग तुमची मर्जी."

प्रेमानंद कबूल झाले. प्रेरणाचा खेळ आता एका सामन्यापुरता उरला होता.

बक्षीस द्यायला प्लांटचे मोठे साहेब येणार होते. साहेब येणार म्हटलं की भिलाईत दगडालाही चुना लागतो. शाळेचे शिपाई गुलाबराव, त्यांनी त्याच संध्याकाळी माझं तेल पुसून मला आणि समोरच्या टोकाच्या माझ्या भावाला चकचकीत ऑइल पेंट फासला. सकाळी रंग वाळला, पण अंग काचेसारखं झालं. एक कावळा माझ्यावर बसला, तो घसरून थेट शेजारच्या दुर्ग शहरात पोचला.

समोरचा संघ मोहन नगरचा, वाऱ्यासारखा पळणारा. पण माझ्यापाशी वळताना त्यांच्या पोरींचे घामट हात सुटत आणि त्या मातीत लोळत. आमच्या पोरी मात्र सरसर वळत होत्या. हातावर विसंबायचं नाही, पाय रोवायचा, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

गुण बरोबरीत, सहा सेकंद बाकी. त्यांची एक खेळाडू मला वळसा घालून निसटली. प्रेरणाने माझ्या बुंध्याशी पाय रोवला, एका हाताने मला जेमतेम टेकलं आणि स्वतःला हवेत झोकून दिलं. चार फूट दहा इंचांची पोर त्या क्षणी आठ फूट झाली, मी मोजलंय. बोटं पाठीला लागली. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो.

मॅडम जवळ आल्या. "पाय उशिरा रोवला तू."

प्रेरणा पहिल्यांदाच त्यांच्यासमोर हसली. "मॅडम, तेल कावून लावत होत्या, थे पहिलेच सांगतलं असतं तर?"

"तुह्या डोक्यात राहिलं असतं. मले पायात पाहिजे होतं."

प्रेमानंद हेल्मेट काढून उभे होते. "मॅडम, घरी लहानी बी आहे, मोनाली. सोमवारपासून पाठवू का?"

मित्रांनो, कडक माणसाला खुशाल घाबरा, पण एकदा जवळ जाऊन कारणही विचारा. आणि जिंकलात तर आधी त्याच्याकडे धावा. आमच्या पोरींनी मॅडमना खांद्यावर घेऊन मैदानाला तीन चकरा मारल्या. साहेब कप हातात धरून तोवर ताटकळत उभे होते.