बियाण्याची पोपटी

"हौसा, लाल चिंध्यांची ओळ कुठं गेली गो?"

महिपती बांधावरून ओरडला, तोवर शेंगांनी भरलेलं मडकं उपडं घालून त्याच्यावरचा पेंढा पेटलासुद्धा होता.

"ही काय, मडक्यात. पोपटीला," हौसा धूर चुकवत म्हणाली.

"अगो, बेणं व्हतं ते!"

"मंग? पेणवरनं संघाची बाई येतेय, तिला काय किडक्या शेंगा घालू? पावण्याला उत्तम तेच द्याचं, तुमच्याच आईनं शिकवलंय मला."

आईचं नाव निघालं तसा तो मटकन बांधावर बसला. अकरा वर्षं हा माणूस एकच काम करत आला होता. भात कापून झालं की वाल पेरायचा, ज्या झाडाला पाच दाण्यांच्या भरल्या शेंगा येतील त्याला लाल चिंधी बांधायची आणि त्या शेंगा झाडावरच वाळवून बेणं धरायचं. यंदा तर राखेत ठेवलेला शेवटचा दाणाही त्याने त्या ओळीत पेरला होता. बाकीचा वाल नुसता खाण्याचा.

पेण-रोह्यातल्या चाळीस गावांच्या शेतकरी संघाने बियाण्याची कोठी काढायचं ठरवलं होतं. बाजारची पाकिटं आणण्यापेक्षा घरचं बेणं गावागावांत फिरावं, असा त्यात विचार. ज्या गावाचं बेणं खात्रीचं, कोठी त्या गावाला. तेच पाहायला सगुणाताई येत होत्या, आणि महिपतीचा जीव त्या कोठीत अडकला होता.

जीप आली. मडकं उघडलं, शेंगांवर अंथरलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास अंगणभर पसरला आणि शेजारणी गोळा झाल्या. सगुणाताईंनी गरम शेंगा फुंकून फुंकून खाल्ल्या.

"तात्या, असा वाल मी जन्मात खाल्ला नाही! आता बेणं दाखवा."

"खाल्लंत ना आता, तेच," महिपती म्हणाला.

ताई आधी खळखळून हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. "तात्या, दाण्याशिवाय माझा इलाज नाही हो. कोठी दुसऱ्या गावाला द्यावी लागेल."

हौसाने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात शेजारची चंद्रावती उठली, घरी गेली आणि राखेने भरलेला डबा घेऊन आली.

"तात्या, शिव्या द्या, पन दोन सालांमागं चिंधीच्या झाडाच्या चार शेंगा मीच तोडल्या. परसात लावल्या. हे त्यातलंच बेणं हाय."

"चार नाय, ओंजळभर," मागून दुसरी शेजारीण पुतळी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "मी संगती व्हते."

मग काय, चोरांची रांगच लागली. कुणी गाडगं आणलं, कुणी फडक्यातली पुरचुंडी. सात घरांतून महिपतीचा वाल बाहेर आला. त्याने कपाळाला हात लावला.

"अवो," हौसा हळूच म्हणाली, "माज्या बहिनीकडं मी पन धाडलाय थोडा."

सगुणाताई डोळे पुसून पुसून हसत होत्या. त्यांनी वहीत गावाचं नाव लिहिलं. "तात्या, कोठी तुमचीच. सात परसांतून निभावलंय, म्हणजे बेणं खात्रीचंच."

महिपतीने सारं बेणं सुपात ओतलं. राख फुंकली. त्याला खरं तर सगळ्यांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण दाणा भरलेला होता, टपोरा होता, एकालाही भोक नव्हतं. आपल्याइतक्याच मायेने कुणीतरी हे राखलं होतं. बराच वेळ तो सुपात बोटं फिरवत राहिला.

"चंद्रावती," तो शेवटी खाकरून म्हणाला.

"व्हय तात्या?"

"पुढच्या साली तोडशील तवा देठ धरून तोड गो. वढून तोडलीस की झाड दुखावतं."