पडद्याच्या पुढच्या बाजूला

नागोजीसाठी कराचीहून कागद आला त्याला तीन आठवडे झाले होते आणि मी सही करत नव्हते. तिथल्या सरकारी विमानाच्या कारखान्यात इंजिनाचं काम शिकायला घेतो म्हणत होते, पण घरच्या वडीलधाऱ्याची संमती पाहिजे. या घरात वडीलधारं माणूस म्हणजे मीच. सोमवारच्या टपालानं कागद गेला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. जाऊ दे म्हटलं. निपाणी-बेळगाव मोटारीवर पोराचं फिटरचं काम बरं चाललं होतं. रस्त्यावरचं इंजिन सोडून आभाळातल्याच्या मागं लागायचं कारण काय? सरकारला एक माणूस देऊन झाला, दुसरा मिळायचा नाही, असं मी त्याला सांगितलं होतं.

तो एक म्हणजे नागोजीचे वडील. हा पोटात असताना ते मागल्या लढाईत पलटणीबरोबर समुद्रापलीकडं बसऱ्याला गेले. मेले असा कागद आला नाही, सापडत नाहीत असा आला. बारा वर्षं भरल्यावर भाऊबंद दारात आले. दर्भाचा पुतळा करून जाळू या, रीत आहे, म्हणाले. मी त्यांना पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. माणूस माझा आणि जाळायची घाई यांना. कुंकू तसंच ठेवलं. गावात कोण काय बोलतं ते मला कळतं. माझ्यासमोर कोणी बोलत नाही एवढं खरं.

शुक्रवारी नागोजी म्हणाला, निपाणीच्या माळावर तंबू लागलाय, मागल्या लढाईतल्या विमानांचा सिनेमा आहे, एकदा डोळ्यांनी बघ आणि मग नाही म्हण. विमान बघितलं की माझी भीती मोडेल असा त्याचा डाव. माझ्या कानात 'मागल्या लढाईतला' एवढंच राहिलं. तिथं जाऊन चित्रं काढली असतील, तर कुठल्या तरी चित्रात आमचं माणूस असेल की. हे मी कोणाला बोलले नाही. इरकली लुगडं नेसले, शेजारच्या मनुबाईला बरोबर घेतलं आणि दिवस मावळायला तंबूत जाऊन बसले.

तंबूत मधोमध पांढरं कापड टांगलेलं. पुरुष पुढच्या बाजूला, बाया मागच्या. चित्र दोन्हीकडून दिसायचं. चित्रातली माणसं मुकी, म्हणून एक जण भोंगा घेऊन उभा होता, आधी मराठीत सांगायचा, मग कानडीत. विमानं दिसली. बांबूला कापड ताणून केल्यासारखी, दोन-दोन पंखांची. एकानं पुढचा पंखा हातानं गरकन फिरवला आणि ते धावत सुटलं. बाया ओरडल्या. मी विमानं बघतच नव्हते. तोंडं बघत होते.

शिपायांनी साहेबाला सलाम ठोकला तो डाव्या हातानं.

"काय ही रीत," मी मनुबाईला म्हणाले. "आमच्यात डाव्या हातानं कोण तमाखूसुद्धा देत न्हाय."

"अगं जयाक्का, आपण मागं बसलोय न्हवं? सगळं उलटं दिसतंय."

नागोजीच्या वडिलांच्या डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाचा वण होता. म्हणजे इतका वेळ मी भलत्याच बाजूला वण शोधत होते! कितीतरी तोंडं तशीच निघून गेली. मी उठले. मनुबाईनं पदर ओढला, तो सोडवून घेतला आणि पडद्याला वळसा घालून सरळ पुरुषांत गेले. एक जण म्हणाला, बायकांची जागा तिकडं. मी म्हटलं, ठाऊक हाय, सरक. तो सरकला.

नागोजी दचकला. "काय झालं गं आये?"

"तुझ्या बाला बघाय आले. मागनं वळखू येत न्हाय."

तो माझ्या कानाशी वाकून हळू म्हणाला, "आये, ही खरी शिपाई न्हवंत. नट हाईत. लढाई संपल्यावर सोंगं घेऊन काढलंय हे."

सगळा तंबू माझ्याकडं बघतोय असं वाटलं. कोणी बघत नव्हतं. मला ठाऊक हाय म्हणाले आणि ताठ बसून राहिले. उठून जाणं माझ्याच्यानं झालं नसतं.

तेवढ्यात पडद्यावर एक विमान धूर सोडत खाली यायला लागलं. भोंगेवाला रडवेल्या आवाजात सांगत होता. पुढची माणसं हळहळली. नागोजी मात्र चिडला. मांडीवर मूठ आपटत स्वतःशीच बोलायला लागला. तेलाची नळी फुटलीय, धूर काळा आहे बघ, जमिनीवर असताना कोणीतरी हयगय केली, नळी आवळली असती तर हा माणूस घरी गेला असता. नटाचं विमान आहे हे त्यानंच मला सांगितलं होतं, आणि तोच घामाघूम झाला होता.

पुढचा सिनेमा मी त्याच्या तोंडावरच बघितला. विमान वर गेलं की त्याचा श्वास थांबायचा, चाकं जमिनीला टेकली की सुटायचा. मारामारीकडं त्याचं लक्ष नव्हतं. प्रत्येक विमान परत आलं का, एवढंच तो बघत होता. अठरा वर्षं मी जे करत आले तेच हा पोरगा करत होता, पण याच्या हातात पाना होता.

बाहेर पडल्यावर मनुबाईनं विचारलं, शेवटी सिनेमातल्या त्या पोरीचं लग्न कोणाशी झालं? मला काय ठाऊक.

घरापर्यंत मी नागोजीला त्या नळीबद्दल विचारत आले. एरवी चार शब्द न बोलणारा पोरगा अडीच मैल बोलत होता. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण मध्ये थांबवलं नाही. दारात आल्यावर म्हटलं, "कागद आण. दौत पण आण."

तो धावत जाऊन दोन्ही घेऊन आला. मी नाव लिहायला बसले. दुसऱ्या इयत्तेतली अक्षरं माझी, वेळ लागतोच. सही झाल्यावर कागद त्याच्या हातात दिला.

"पंधरा दिवसाला पत्र पायजे. एक जरी चुकलं, तर कराचीला येऊन तुझ्या सायबाला चार लोकांत विचारीन, माझं पोरगं कुठं हाय म्हणून."

"येशील गं तू," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.