झऱ्याचा पहिला नंबर

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे, आणि तोही अख्खा नाही. माझा वरचा उजवा कोपरा कापून नेलाय. तो कुठे गेला हे सांगायचं म्हणूनच मी आज बोलायला बसलोय.

जन्मलो तेव्हा मात्र काय ऐट होती माझी! कंपाला शहरातल्या एका छपाईच्या दुकानात यंत्राच्या पोटातून मी सरसर बाहेर आलो. चार कोपऱ्यांत चार पितळी रिंगा, अंगभर इंग्रजी अक्षरं, मधोमध पाच रंगीत खांबांचा आलेख. आणि वर उजवीकडे नऊ वर्षांच्या काबाहुमाचा फोटो. हातात पिवळा कॅन, पुढचा एक दात पडलेला, तरी तोंडभर हसतेय. खरं सांगू? माझ्या अंगावर बघण्यासारखी तीच होती. बाकी सगळी आकडेमोड.

मला घडवलं नकायेंगाने. ती विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकत होती. तिथे शेवटच्या वर्षी प्रत्येकाला गावात राहून प्रात्यक्षिक करावं लागतं, आणि मग सगळ्यांच्या कामाचं प्रदर्शन भरतं. नकायेंगा चार महिने टोरो भागातल्या न्याकाटोमा गावात राहिली आणि पाच झऱ्यांचं पाणी तपासून आली. ती उतरली होती काबाहुमाच्याच घरी. तिकडे नावाखेरीज प्रत्येकाला एक लाडनाव असतं. अनोळखी माणूस भेटला की पहिलं ते विचारायचं, आणि मग जन्मभर त्यानेच हाक मारायची. नकायेंगा दुसऱ्या मुलखातली, तिला कुठलं लाडनाव? काबाहुमाची आई कोबुसिंगे, लाडनाव अब्वोली, हिने तिला नाचणीचा गोळा आणि धुरावलेला मासा भरवला आणि नाव ठेवलं, अकिकी.

"आता तू घरातली," अब्वोली म्हणाली. "म्हणजे उद्यापासून भांडी तुझ्याकडे."

ही गोष्ट नकायेंगा प्रदर्शनात दिसेल त्याला सांगत होती, म्हणून मला पाठ आहे.

आता माझ्या आलेखाबद्दल सांगतो. त्यातला सगळ्यात उंच, लाल खांब काबाहुमाच्या झऱ्याचा होता. पण ती उंची जंतूंची होती. वरच्या उतारावर संडास होते, त्यांची घाण मुरत मुरत झऱ्यात उतरत होती. हे कळून तीन आठवडे झाले होते आणि गावाला कुणी सांगितलं नव्हतं. प्रदर्शनाच्या सकाळी मला भिंतीवर टांगताना नकायेंगा तिच्या सरांना म्हणाली, "सर, लोक ते पाणी पितायत. मी जाऊन सांगून येऊ का?"

"आधी परीक्षक, मग विभागाचा शिक्का, मग गाव," सर म्हणाले. "पद्धत आहे ती. इतकी वर्षं प्यायले, आणखी चार दिवसांनी काय होतंय?"

दुपारी अब्वोली आली, डोक्यावर हिरव्या केळ्यांचा घड आणि बोटाला काबाहुमा. नकायेंगानेच बोलावलं होतं.

"अकिकी, किती वाळलीस गं. इथे जेवायला देतात का कागदच चावायला देतात?"

काबाहुमा धावत माझ्यापाशी आली आणि फोटोतल्या फटीवर बोट ठेवून म्हणाली, "हा दात आलाय आता. नवीन फोटो काढायला सांग ना."

अब्वोली मला न्याहाळत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण खांब दिसत होते. "हा लाल कुणाचा?"

"तुमच्या झऱ्याचा, मावशी. पण त्याचं असं आहे की..."

तेवढ्यात परीक्षक आले. "जरा थांबा हं, नीट सांगते," असं म्हणून नकायेंगा तिकडे वळली. परीक्षकांनी अर्धा तास प्रश्न विचारले. मग टाळ्या, फोटो, पहिला क्रमांक. माझ्यावर सोनेरी फीत टाचली गेली, नेमकी लाल खांबाच्या डोक्यावर. मी फुगून गेलो, मित्रांनो. अब्वोलीने जीभ हलवून असा काही आनंदाचा आवाज काढला की सगळी माणसं वळून बघायला लागली. पण गावची गाडी चारला सुटणार होती.

"शनिवारी येते आणि सगळं समजावते," नकायेंगा गर्दीतूनच म्हणाली.

"ये. केळी शिजवून ठेवते," अब्वोली म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं. पहिल्या शनिवारी नकायेंगाचा सत्कार होता. दुसऱ्या शनिवारी नोकरीची मुलाखत. पुढे शिक्का यायचा होता. माझी फीत गळून कपाटाखाली गेली आणि अंगावर कोळ्याने जाळं विणलं. बोलून बोलून दमेन एवढा मजकूर माझ्या अंगावर होता, पण गुंडाळलेल्या फलकाला कोण विचारतं?

सातव्या आठवड्यात शिक्का आला. नकायेंगा मला काखेत मारून बसने गावाला निघाली. झऱ्यापाशी उतरली आणि थबकली. पिवळ्या कॅनांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. एवढी माणसं तिथे पूर्वी कधीच येत नव्हती.

अब्वोलीच्या अंगणात चटया पसरलेल्या. बाया भेटायला येऊन बसलेल्या. नकायेंगा गुडघ्यांवर बसली. "अब्वोली मावशी."

अब्वोलीने तिच्याकडे बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "बाई, तुमचं लाडनाव काय?"

नकायेंगाने मला काखेतून काढून खाली ठेवलं.

"मीच सांगितलं गावभर," अब्वोली म्हणाली. "आपला झरा विद्यापीठात पहिला आला, सगळ्यात उंच आपलाच, सोनं लावलं त्याला. पलीकडच्या गावातून माणसं यायला लागली. आधी मी पाणी उकळायचे. पण काबाहुमा म्हणाली, पहिला आलेलं पाणी कुणी उकळतं का? मला पटलं. तिला बारा दिवस ताप होता. दवाखान्यात म्हणाले, टायफॉइड, आणायला उशीर झाला."

मग नकायेंगाने मला चटईवर उलगडलं आणि ओळ न् ओळ त्यांच्या भाषेत वाचून दाखवली. लाल खांबाची ओळ तिने दोनदा वाचली. कुणी तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

"आमच्याकडे तिचा दुसरा फोटो नाही," अब्वोली म्हणाली. केळी सोलायचा चाकू आणून तिने माझा कोपरा कापून घेतला. आता तो तिच्या घरात भिंतीवर आहे, एक दात नसलेला, हसणारा.

उरलेला मी झऱ्याजवळच्या झाडाला तीन रिंगांनी बांधलेला आहे. माझ्या पाठीवर गावच्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'पाणी उकळून प्या.' उन्हाने माझे पाचही खांब विटले. त्यांचं मला दुःख नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या शिकाल, तपासाल, माझ्यासारखे फलक रंगवाल, तुमचाही पहिला नंबर येईल. माझं एवढंच मागणं आहे. ज्याचं पाणी आहे त्याला आधी सांगा, त्याच्या भाषेत सांगा. टाळ्या मागून आल्या तरी चालतात.

नकायेंगा आता दर शनिवारी येते. संडास दुसरीकडे हलवायचं काम तिने मागे लागून सुरू करवलंय. माझ्या सावलीत तिची आणि अब्वोलीची गाठ पडते. अब्वोली कॅन खाली ठेवते आणि दर वेळी तेच विचारते, "बाई, तुमचं लाडनाव काय?"

"अजून नाही," नकायेंगा म्हणते, आणि तिचा कॅन उचलून घरापर्यंत नेऊन देते.