मावशींच्या नावावरचं अक्षर

शनिवारी सकाळी आमच्या पाळणाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी "घाईत आहे हो ताई" म्हणत मूल दारातच सोडून पळणारे आईबाप त्या दिवशी अर्धा तास आधीच हजर होते, आणि मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडला होता. समोर अक्षरतज्ज्ञ उभा होता, हातात बशीएवढं भिंग घेऊन.

"मला नाव सांगू नका, धंदा सांगू नका," तो म्हणाला. "दोन ओळी लिहून द्या. बाकी तुमचा हात बोलेल."

पाळणाघरातल्या छोटीच्या बाबांनी दोन ओळी लिहून दिल्या. तज्ज्ञाने भिंग लावलं आणि डोळे मिटले. डोळेच मिटायचे तर भिंग कशाला, हे कुणीही विचारलं नाही. "बाहेरून कडक, आतून हळवे. लोक तुम्हाला चुकीचं समजतात. मनात असतं त्यातलं निम्मंच बोलता."

"अगबाई, अगदी हेच!" छोटीची आई जवळजवळ ओरडलीच. खोलीभर चुकचुकाट आणि वाहवा.

मी तशी कुणाला बधणारी नाही. मंतरलेलं पाणी, ताईत, दृष्टीचा दोरा असलं काही मुलाच्या अंगावर दिसलं की आईबापांना दारातच सुनावते. पण इथे अंगारा नव्हता, आलेख होते. बुवा नव्हता, कोट घातलेला माणूस होता. त्याने सूचनाफलकाकडे बघितलं. तिथे मी लिहिलं होतं, 'डब्यांची झाकणं घट्ट लावून आणावीत.' "हे तुमचं का ताई? काय गोलाई आहे! ममता नुसती ओसंडून वाहतेय." झाकणं घट्ट लावायच्या सूचनेत ममता! पण खोटं कशाला सांगू, मी हुरळले. गालातल्या गालात हसत उभी राहिले.

हा तमाशा कशासाठी, ते सांगते. आठवड्यापूर्वी छोटीच्या दंडावर दोन लालसर वळ दिसले होते. छोटी अडीच वर्षांची, तिला नीट सांगता येईना. तिला सांभाळत होत्या मावशी. अकरा वर्षं माझ्याकडे कामाला, आणि या अकरा वर्षांत एकाही मुलाकडे त्यांनी डोळे वटारून बघितलेलं मला आठवत नाही. पण छोटीच्या बाबांनी ठरवून टाकलं, की मावशींनीच चिमटा काढला. त्यांच्या कंपनीत माणसं घेताना हाच तज्ज्ञ अक्षर तपासायचा. "दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ द्या," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली.

मग छोटीच्या रोजच्या डायरीचं पान भिंतीवर आलं. काय खाल्लं, किती झोपली, शी-शू केव्हा. वर मावशींचं नाव.

तज्ज्ञ एकदम गंभीर झाला. "हे उकार बघा. खाली कसे टोचताहेत. ओळ घसरतेय. पेन कागदात रुतलंय. हा दाबून ठेवलेला राग आहे. मी आरोप करत नाही, पण माझं मूल मी या हातांत देणार नाही."

पण ते अक्षर माझं होतं.

आमच्याकडे रीतच तशी पडलेली. मावशींच्या एका खांद्यावर एक बाळ, दुसरं पायावर, त्या लिहिणार कधी? त्या तोंडाने सांगायच्या, मी खिडकीच्या उंचसखल कठड्यावर वही टेकवून भराभर खरडायची. पेन रुतायचं ते खालच्या भेगेमुळे. पण प्रवेशाच्या फॉर्मवर मी छापलं होतं: 'प्रत्येक मुलाची नोंद सांभाळणारी व्यक्ती स्वतः लिहील.' पालकांना ते फार आवडायचं. तोंड उघडलं असतं तर ती थाप उघडी पडली असती.

मावशी दारात उभ्या होत्या, खांद्यावर झोपलेलं बाळ. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली मान घालून प्रोजेक्टरची वायर सरळ करत बसले.

सोमवारी मीच त्यांना म्हणाले, "मावशी, थोडे दिवस घरी राहा. जरा निवळू दे."

"बरं," त्या म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी डॉक्टरबाई आपल्या मुलाला न्यायला आल्या. त्याच्या हातावर तसेच दोन वळ. मावशी चार दिवस घरी. डॉक्टरबाईंनी हात उजेडात धरला आणि हसल्याच.

"ताई, चिमट्याला समोरासमोर दोन कमानी असतात का? हे दुधाचे दात आहेत. खेळण्यावरून जुंपली असणार कुणाशी तरी."

एकोणीस वर्षं पाळणाघर चालवते मी. चावा ओळखता येऊ नये? आला असता, मी बघितलंच नव्हतं. सगळे डायरीकडे बघत होते, म्हणून मीही डायरीकडेच बघत होते.

डॉक्टरबाईंनी ती डायरी मागितली. पान बघितलं, मग सूचनाफलक बघितला. "हे दोन्ही एकाच हाताचं आहे."

"माझ्या," मी म्हणाले.

"आणि त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात?"

मला रडू कोसळलं. त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा तीच खोली, त्याच बुटक्या खुर्च्या. मावशींच्या जागी चार बायकांचे अर्ज आलेत, त्यातली एक निवडून द्या, असं सांगून डॉक्टरबाईंनी तज्ज्ञाला बोलावलं होतं. एकेक कागद देताना त्या सहज बोलल्यासारखं बोलत होत्या. ही निवृत्त मुख्याध्यापिका. हिला आधीच्या ठिकाणाहून मुलाला मारल्याबद्दल काढलं. ही अजून कॉलेजात आहे. आणि ही छोटीच्या बाबांची आत्येबहीण.

मुख्याध्यापिकेच्या अक्षरात शिस्त निघाली. मारकुटीच्या अक्षरात "तेच टोचरे उकार" निघाले. कॉलेजातली चंचल. आत्येबहिणीचं अक्षर बघून तर तज्ज्ञ गहिवरला. "ही बाई नव्हे, सावली आहे सावली!"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. फळ्याशी जाऊन चारही कागदांवरची तीच ओळ सगळ्यांसमोर लिहिली.

"चारही कागद माझे आहेत," मी म्हणाले. "एकाच दुपारी, एकाच पेनाने लिहिलेले. आणि मावशींच्या नावावरची डायरीही मीच लिहिली होती. दाबलेला राग माझा, ममताही माझी. मला हे तेव्हाच माहीत होतं."

तज्ज्ञाने भिंग पुसलं. "अक्षर मनःस्थितीप्रमाणे बदलतं, मॅडम."

"मग ती मनःस्थिती तुम्हाला अक्षरात दिसली, की मी कागद देताना जे बोलले त्यात?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मावशींच्या वेळीही सभेआधी तुम्ही छोटीच्या बाबांबरोबर चहा घेत होतात. संशय कुणावर आहे, ते चहातच कळलं." मग त्या पालकांकडे वळल्या. "बाहेरून कडक, आतून हळवं, आणि लोक चुकीचं समजतात, असं कुणाकुणाला वाटतं? हात वर करा बरं."

एकेक करत सगळे हात वर गेले. छोटीच्या बाबांचा सर्वांत शेवटी. तज्ज्ञाने भिंग खिशात कोंबलं आणि त्याला एकदम दुसरं काम आठवलं.

त्याच दुपारी मी मावशींच्या घरी गेले. चाळीस पायऱ्या चढताना काय बोलायचं ते चारदा घोकलं. दार उघडल्यावर एवढंच बोलता आलं, "माझं चुकलं मावशी. परत या."

त्यांनी पाणी दिलं. "ताई, अक्षर तुमचं आहे हे मला कळलं होतं. तुम्ही बोलाल म्हणून मी दारात थांबले होते. पुष्कळ वेळ थांबले. आता नाही यायची मी."

मी उठले. दारापर्यंत पोचवायला आलेल्या मावशींनी विचारलं, "छोटी झोपते का?"

"नाही. फार किरकिर करते."

"डाव्या कुशीवर ठेवू नका तिला. कान दुखतोय तिचा. तीनदा लिहायला सांगितलं होतं तुम्हाला."

परत येऊन डायरी उघडली. तिन्ही दिवशी माझ्याच अक्षरात होतं, 'झोप: ठीक.' डॉक्टरबाईंनी छोटीचा कान तपासला. आतून लालभडक होता. वीस-बावीस माणसं त्या पानावर डोळे लावून बसली होती, उकार मोजत होती, आणि पोरीचा कान कुणीच बघितला नव्हता.

म्हणून हे सगळं, माझ्या शरमेसकट, लिहून काढलंय. अक्षर वळणदार असतं किंवा गचाळ असतं. त्यात माणसाचं मन वाचतो असं कुणी म्हणालं तर नावं झाकून कागद पुढे ठेवा आणि काय होतं ते बघा. मुलाच्या अंगावर वळ दिसला तर तो वळ नीट बघा. ज्या माणसावर आळ आलाय, त्याला आधी विचारा. आणि खरं काय ते ठाऊक असेल तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर बोला. मी आठ दिवसांनी बोलले. तोवर मावशी निघून गेल्या होत्या.