निशाणांची जागा

मर्लनं काठी दोन्ही हातांनी धरली, चांगला जोर लावला आणि वाळूतलं निशाण उपटलं. लाल-पिवळं कापड तिच्या तोंडावर फडफडलं. ते झटकून ती म्हणाली,

"बघत काय उभी राहिलीस, बेव्ह? दुसरं घे."

बेव्ह तिची नणंद. जन्मभर मर्लचं ऐकत आलेली, पण आज तिचा पाय उचलेना.

"टीगनला विचारलंस?"

"टीगनचे लंगोट बदललेत मी. तिला कसलं विचारायचं?"

टीगन म्हणजे मर्लची नात, वारिंगा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची यंदाची प्रमुख. सकाळी पाणी नीट न्याहाळून तिनं पोहायची सुरक्षित जागा दाखवणारी निशाणं कातळापलीकडे, किनाऱ्याच्या पार टोकाला रोवली होती. परवाच्या उधाणानं जीवरक्षकांच्या क्लबासमोरची पाण्याखालची वाळूची पट्टी फोडली होती आणि त्या भगदाडातून पाणी माणसाला खोल समुद्रात खेचत होतं. हे मर्लला कळत नव्हतं अशातला भाग नाही. तिचं सगळं आयुष्य या पाण्याशेजारी गेलं होतं. पण टोकाला सांडपाण्याचा गंजका नळ होता. स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं बक्षीस देणाऱ्या बाई आज येणार, फोटो निशाणांपाशी काढणार आणि फोटोत तो नळ येणार! गेल्या साली बक्षीस शेजारच्या पेल्हॅम गावानं नेलं होतं. त्या पेल्हॅमच्या बायकांनी बाजारात तिला गाठून गाठून सहानुभूती दाखवली होती.

"अगं, पाण्यात कुत्रं नाही," मर्ल म्हणाली. "बाई आल्या, गेल्या, की परत लावू. उचल."

टीगन आणि तिचा जोडीदार शेडमध्ये बोटीच्या इंजिनाशी झटत होते. बाईंसमोर ते एका दमात सुरू व्हायला हवं होतं. दोघी म्हाताऱ्यांनी निशाणं क्लबासमोर आणून रोवली. मागं नवं कोरं छप्पर, झाडून काढलेल्या पायऱ्या, पाइनची रांग. आणि पुढं पाणीही कसं शांत! दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधला पट्टा तेवढा गडद, गुळगुळीत होता. न कळणाऱ्याला तोच चांगला वाटावा; ओढ नेमकी तिथंच होती.

परीक्षक बाई आल्या. मिस पेनहॅलो नाव, बोलायला गोड. संडास पाहिले, कचऱ्याचे डबे पाहिले, मर्लच्या हातचा लॅमिंग्टन केक घेतला आणि क्लबाच्या कठड्याशी उभ्या राहिल्या.

"ते बघा!" त्या एकदम म्हणाल्या.

समुद्रापासून दूर, आतल्या मेंढरांच्या मुलखातलं एक कुटुंब आलं होतं. बाप, आई, हिरव्या टोपीतली मुलगी. त्यांनी पथारी टाकली होती ती नेमकी कातळापलीकडे, टीगननं सकाळी निवडलेल्या जागी. बापानं कपाळावर हात धरून किनारा न्याहाळला. निशाणं दिसली तशी त्यानं पथारी, छत्री, डबा सगळं पुन्हा गोळा केलं, आणि तिघं वाळू तुडवत क्लबाकडे निघाली. या देशात लेकरांना चालता यायच्या आधी शिकवतात, पोहायचं ते निशाणांच्या मध्येच.

"किती शिस्त!" बाई म्हणाल्या. "पेल्हॅमला लोक वाटेल तिथं डुंबतात हो."

मर्ल हसली.  एक हाक मारली असती तर पुरे होतं. सगळं गाव जिला वचकून असायचं ती जीभ टाळूला चिकटून बसली. ओरडलं की बक्षीस गेलं. घोटाभरच जातील, तिनं स्वतःला बजावलं. पाणी गार आहे, लगेच फिरतील.

बाप घोटाभर पाण्यात थांबला. मुलगी गुडघाभर, मग कमरेभर गेली. किनाऱ्याकडे तोंड करून ती खिदळत होती. आणि तशीच, तोंड किनाऱ्याकडेच ठेवून, मागं सरकायला लागली. कोणी दोरीनं ओढावं तशी. पायाखालची वाळू सुटली असावी, कारण तिनं हात वर केला.

बापानंही हात वर करून तिला हलवून दाखवला.

मर्लच्या हातातली बशी फुटली. पायऱ्या ती कशी उतरली हे तिला नंतर आठवलं नाही.

"टीगन! अगं टीगन! पोर गेली!"

तिचा स्वर तिचाच वाटेना. चांगला झगा, चांगले बूट, सगळ्यासकट ती पाण्यात शिरली. पाण्यानं घोट्याला विळखा घातला आणि आत खेचलं.  समोर हिरवी टोपी दिसायची, नाहीशी व्हायची. एकदा नाहीशी झाली ती येईचना. "देवा, मला ने," मर्ल म्हणाली, मोठ्यानं म्हणाली.

तिच्या शेजारून जीवरक्षकांची तरंगती फळी सणसणत गेली. फळीवर पालथी पडलेली टीगन दोन्ही हातांनी पाणी कापत होती.

मुलगी वाळूवर आली तेव्हा ओठ निळे होते. खोकली, ओकली, मग रडली. ते रडणं ऐकून मर्ल पाण्यातून धडपडत बाहेर आली. ती ओल्या वाळूतच बसली.

बापानं पोरीला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं. 

"बघितलंस ना, बाळा? निशाणांच्या मध्ये होतीस म्हणून वाचलीस."

"नाही," मर्ल म्हणाली. "ती निशाणं मी हलवली. इथलं पाणी वाईट होतं. मला ठाऊक होतं."

 बापानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या पाठीवर टाकला.

"तुम्ही फार घाबरलात, आजी. माझ्या पोरीसाठी बुटांसकट आत शिरलात तुम्ही."

"अरे, मी खरं सांगतेय! बेव्ह, सांग की गं!"

क्लबाच्या पायऱ्यांशी बेव्ह खाली बघत फुटक्या बशीचे तुकडे वेचत राहिली.

"नातीवर बोल येऊ नये म्हणून सगळं स्वतःवर घेताहेत," मिस पेनहॅलो बापाला हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आजीचं मन! इतक्या वर्षांत इतकी चपळ सुटका पाहिली नव्हती. सुरक्षेचे पूर्ण गुण."

मर्लनं टीगनकडे पाहिलं. इथं खरं काय ते जाणणारी आणि बोलू शकणारी आता ती एकटीच होती. टीगन गुडघ्यांवर बसून निशाण उपटत होती. केसांतून पाणी निथळत होतं. उपटलं, कापड काठीभोवती गुंडाळलं, नीट, सुरकुती पडू न देता. मग दुसऱ्या निशाणाकडे वळताना, मान वर न करता, मर्लच्या दिशेनं नुसता हात करून ती जोडीदाराला म्हणाली,

"त्या बाईंना गरम चहा पाठव रे कोणाकडून तरी. गारठल्यात त्या."